काळ्या टाइपातली लग्नपत्रिका

आमच्या छापखान्यात दुपारी दोन ते चार या वेळात कुणी फारसं बोलत नसे. नगरच्या त्या अरुंद गल्लीत ऊन थेट डोक्यावरून यायचं आणि छपराच्या पत्र्यांत मधोमध बसवलेल्या काचेतून त्याचा एक चौकोन खाली उतरायचा. सकाळी तो चौकोन दाराजवळच्या कागदाच्या गठ्ठ्यांवर असे, दुपारी माझ्या हातांवर येई, आणि चारच्या सुमाराला भिंतीवर चढून बसे. घड्याळ फक्त मालकांच्या खिशात होतं. आम्ही त्या चौकोनावरच दिवस काढायचो. आज इतक्या वर्षांनी छापखाना आठवायला गेलं की आधी येतो तो हा उजेड, मग शाईचा आणि रॉकेलचा वास, आणि मग केव्हातरी सावकाश माणसं दिसायला लागतात.

मी तिथे खिळे जुळवायचो. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. लाकडी कप्प्यांतून एकेक उचलायचं, डाव्या हातातल्या पट्टीत उलटं लावत जायचं, ओळ भरली की पुढची ओळ. चोविसाव्या वर्षी मला या कामाचा इतका गर्व होता की रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्यासुद्धा मी मनातल्या मनात सोडवून पुन्हा जुळवत असे. दुपारच्या त्या गुंगीत तर हात आपोआप चालायचे. क कुठे, म कुठे, हे डोळ्यांना विचारावं लागत नसे. पुष्कळदा मी जागा आहे की झोपलोय हे मलाच सांगता यायचं नाही, आणि तरी ओळ बरोबर निघायची.

मालक मुसलमान होते. छापखाना त्यांच्या वडिलांनी काढलेला. गिऱ्हाईक कुठलंही असो, सगळे त्यांना चाचाच म्हणत. सडसडीत अंग, पांढरी दाढी, आणि बोलणं निम्मं मराठी, निम्मं मोहल्ल्यातलं. त्यांचं एक वेड होतं. त्यांच्या मते प्रत्येक टाइपाला आपला स्वभाव असतो आणि तो मजकुराच्या आधी बोलून मोकळा होतो.

"मजकूर काय, कुणी पण लिहितो," ते म्हणायचे. "लेकिन कागद हातात घेतला की वाचायच्या आधी माणूस हसतो का घाबरतो, ते टाइप ठरवतो बेटा."

टाइप आमच्याकडे मोजून चार. एक गोलसर आणि शांत, तो पूजेच्या आमंत्रणांना आणि आरत्यांच्या पुस्तकांना. दुसरे मोठाले लाकडी ठोकळे, ते जलशांच्या आणि कुस्त्यांच्या हँडबिलांना. तिसरा अगदी बारीक, नाजूक. त्याला आम्ही 'बारकी' म्हणायचो. लग्न, मुंज, बारसं, ईदच्या शुभेच्छा, सगळं बारकीत आणि लाल शाईत. आणि चौथा जाड, काळा, खांद्यात रुंद. त्याचं नाव 'पैलवान'. कोर्टकचेरीच्या नोटिसा पैलवानात निघायच्या आणि मयताची पत्रंही, भोवती काळी चौकट घालून.

एकदा घोडेगावच्या बाजारात बैल विकणारा एक व्यापारी आला. त्याला हँडबिलं हवी होती. लाकडी ठोकळे दुसऱ्या कामाच्या फर्म्यात अडकले होते म्हणून मी त्याचं काम बारकीत जुळवलं. चाचांनी प्रूफ बघितलं आणि हसत हसत खुर्चीत बसले. "ये बैल है या दुल्हन?" म्हणाले. "याला कोण विकत घेणार? लोक याला हळद लावतील." व्यापारीही हसला, पण त्यानं तो कागद खिशात घातला नाही. मला मात्र राग आला. मजकूर शुद्ध होता, दर ओळ काटेकोर होती, मग उरलं काय? त्या वयात मला चाचांचं ते सगळं म्हातारपणाचं वेड वाटायचं.

वडील गेले तेव्हा त्यांचं पत्र मीच जुळवलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पैलवानाचा एकेक खिळा उचलून त्यांचं नाव लावताना मला वाटलं, मला जे बोलता येत नाहीये ते हे जाड काळं शिसं माझ्यासाठी बोलतंय. नात्यागोत्यात सगळीकडे ती कार्डं गेली. तिसगावजवळच्या वस्तीवर माझा मामा राहायचा, त्यालाही गेलं.

आमचं गाव मिरजगाव. तेराव्याला मामा निघाला, पण तो बसला ती सर्व्हिसची मोटार वाटेत कुठेशी बंद पडली. आमच्याकडे बाप गेल्यावर तेराव्याला मुलाच्या डोक्याला मामा पागोटं बांधतो. हा मामाचा मान, तो दुसऱ्या कुणाचा नाही. भटजी घाई करत होते, उन्हं कलायला लागली होती, भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं "किती वाट बघायची" म्हणत आपलंच पागोटं माझ्या डोक्याला गुंडाळलं. मी मान पुढे करून बांधून घेतलं. आई आत होती, तिला कळलंही नाही. तेवढ्यात मामा दारात आला, धुळीनं भरलेला, काखेत नवं कोरं पागोटं. तो माझ्या डोक्याकडे बघत उभा राहिला.

"माज्या हातचं पागोटं न्हाई चाललं ना," तो म्हणाला, "मंग माजा पाय पन न्हाई लागायचा या उंबऱ्याला. जित्ता हाय तवर न्हाई."

पाणीही न पिता तो परत फिरला. माझी आई त्या घरची एकुलती एक बहीण. भाऊबीज आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. आई दर भाऊबिजेला ओवाळणीचं ताट करायची आणि चंद्राला ओवाळून आत जायची. ती कधी रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या त्या वर्षांत माझ्या बहिणीचं लग्न ठरलं, वैशाखातलं. आई मला म्हणाली, "बाकी कोन येवो न येवो. माजा दादा आला पायजे. पोरीला अंतरपाटाशी त्यानंच न्यायची. त्याला सांगायला जायचं तर तू जाऊ नगं, तुला बगून त्याला ते पागोटं आठवंल. कागद पाठीव. पन चांगला पाठीव. लाल अक्षरात, बारीक, नाजूक. बगताच त्याचं मन इरगळलं पायजे."

माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. पण कागदाकडून काय काम करून घ्यायचं हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, हे मी आज लिहितो. तेव्हा मी नुसतं "हो हो" म्हणालो आणि नगरला आलो.

लढाईमुळे कशाचाच पत्ता नव्हता. लाल शाई मिळेना. चांगला कागद मिळेना, म्हणून पत्रिका पोस्टाच्या कार्डांवरच छापायची असं ठरवलं. शिसं लढाईकडे चाललेलं, नवे खिळे यायचे बंद झाले होते, आणि बारकीचे इतके हाल झाले होते की निम्म्या वेलांट्या मोडलेल्या आणि मात्रा झिजलेल्या. पैलवान मात्र तसाच ठणठणीत. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि मला मोह पडला. माझ्या सख्ख्या बहिणीची पत्रिका, जुळवणार मी, आणि ती पुसट, मोडक्या वेलांट्यांची निघणार? मिरजगावच्या लोकांनी म्हणायचं की छापखान्यात एवढी वर्षं काम करून यानं हेच शिकलं?

मी पैलवानाचा कप्पा ओढला. चाचा लांबून बघत होते. जवळ आले.

"शादी कुणाची?"

"माझ्या बहिणीची."

"मग हे काय करतोस?"

मी म्हणालो, "चाचा, एवढं ठळक दुसरं काही नाही आपल्याकडे. म्हाताऱ्या माणसालासुद्धा दिसेल."

"दिसेल, म्हणूनच सांगतो," ते म्हणाले. मग त्यांनी आपल्या मेजाखालून कापडात बांधलेली एक लहान पेटी काढली. बारकीचाच एक जुना संच होता, त्यांच्या वडिलांच्या वेळचा, त्यांनी कधी वापरायला न काढलेला. "हे घे. माझ्या नातीच्या शादीसाठी ठेवलं होतं. तुझी बहीण पण मला नातच."

मी ते घेतलं नाही. घेतलं असतं तर माझी निवड चुकली असं कबूल केल्यासारखं झालं असतं. "नको, राहू द्या," म्हणालो, आणि पैलवान जुळवायला लागलो. चाचांनी पेटी पुन्हा कापडात बांधली. नोकराचा हट्ट त्यांनी असा कधीच चालवून घेतला नव्हता. मला वाटतं, बहिणीचं लग्न म्हणून ते गप्प राहिले. मी मात्र पुढेच गेलो. नुसत्या मजकुराभोवती मोकळं दिसतं म्हणून एक जाड चौकटही घातली. काळी. दुपार होती, उजेडाचा चौकोन माझ्या हातांवर होता, आणि ओल्या शाईची ती अक्षरं मला इतकी देखणी दिसली की मी कितीतरी वेळ कार्ड वाळत घालायचंच विसरलो.

लांबच्या गावांची कार्डं मी नगरहूनच पेटीत टाकली. कोपऱ्यांना हळदकुंकू लावायला हवं होतं. पण छापखान्यात कुठलं हळदकुंकू, आणि पोस्टात ते पुसूनच जातं, असा मी माझ्यापुरता निकाल देऊन टाकला.

उरलेली घेऊन मी मिरजगावला गेलो. आईनं एक कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "ह्ये कुनाच्या मयताचं?"

मला हसू आलं आणि रागही आला. मी तिला सगळा मजकूर वाचून दाखवला. तिनं तो शांतपणे ऐकला. पुढे म्हणाली, "दादाला पन ह्येच धाडलं?"

"हो."

"लाल सांगितलं हुतं मी."

एवढंच. मग तिनं शेजारच्या सवाष्णींना बोलावून गावातल्या कार्डांना चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून घेतलं. मला तेव्हा मनातून कळलं होतं, खोटं कशाला सांगू. दुसरं एक साधं कार्ड घेऊन हातानं चार ओळी लिहून मामाला पाठवता आल्या असत्या. दोन पैशांचं काम. पण ते केलं नाही. मी स्वतःला सांगत राहिलो की वाचणारा माणूस मजकूर वाचतो.

पुढचे दिवस आठवताना मला तारखा लागत नाहीत, नुसते रंग लागतात. अंगणात वाळत घातलेल्या शेवया. माळवदावर पिवळं ऊन. मी रजा टाकून घरी होतो आणि कामं अर्धवट झोपेत केल्यासारखी होत होती. त्या काळात पेट्रोल मिळत नसे. मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या, मागे ती मोठी टाकी बसवलेली. मोटार गावात यायच्या आधी तिची धाप ऐकू यायची. ती धाप ऐकली की आई हातातलं काम ठेवायची. मोटार थांबायची, पुन्हा निघायची, धाप लांब जायची, आणि आई पुन्हा लाटायला बसायची. मला विचारायची काही नाही. मी विहिरीवर जाऊन बसत असे, उगीच.

हळदीच्या आदल्या दिवशी भावकीतले लोक म्हणाले, आता त्याची वाट बघण्यात अर्थ नाही, चुलत मामाला उभा करू. आई "करा" म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

तिकडे तिसगावच्या वस्तीवर काय चाललं होतं, ते मला नंतर मामीनं सांगितलं. वस्तीवरचं टपाल तिसगावच्या बाजाराच्या दिवशी कुणाच्या तरी हाती यायचं. आमचं कार्ड आणलं ते शेजारच्या मळ्यातल्या एका म्हाताऱ्यानं, आणि त्यालाही वाचता येत नव्हतं. मामा मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळलेला. वैद्यांनी मामीला बजावलं होतं, याला हसवू नका, रडवू नका, जरा धक्का बसला तर हातचा जाईल. अशात मामीच्या हातात ते कार्ड पडलं. काळी चौकट. जाड काळी अक्षरं. कुंकवाचं बोट नाही. माझे वडील गेले तेव्हा आलेलं कार्ड तिनं पाहिलं होतं. हे हुबेहूब तेच. त्या घरून पुन्हा तसलं कार्ड, म्हणजे वडीलधारं कोण उरलं होतं?

"मी म्हनलं," मामी म्हणाली, "वन्सं गेल्या."

वाचून कुणाकडून घ्यायचं? ज्याच्याकडून घेतलं असतं तो मामाला भेटायला आल्याशिवाय राहिला नसता. मयताचं पत्र घरात नेत नाहीत, वाचलं की फाडून टाकतात. पण नवऱ्याला दाखवल्याशिवाय फाडायचं कसं? तिनं ते गोठ्याच्या कुडात खोचलं, अंगावरच्या लुगड्यानिशी विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या कपड्यानं नवऱ्याला पेज भरवायला बसली. त्यानं विचारलं, भिजलीस कशी? ती म्हणाली, पाय घसरला.

तीन आठवडे तिनं ते एकटीनं पोटात ठेवलं. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घराघरात पितरांना जेवू घालतात. तिनं गुपचूप एक पान जास्तीचं वाढलं आणि माझ्या आईचं नाव घेऊन ते गोठ्यामागे कावळ्याला ठेवून आली. म्हणे कावळा लगेच शिवेना. मग तिनं हात जोडून सांगितलं, वन्सं, पोरीची काळजी करू नका, तिच्या लग्नाला आम्ही उभं राहू. त्याच दिवशी माझी आई मिरजगावात ताठ बसून पापड लाटत होती. हे आठवलं की मला अजूनही हसावं की काय करावं, कळत नाही.

मामाचा ताप उतरला. काठी टेकत तो विहिरीपर्यंत जाऊन आला, तेव्हा मामीनं कुडातलं कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं. त्यालाही वाचता येत नव्हतं. वाचून घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्या अक्षरांत न कळण्यासारखं होतं काय? तो तिथेच मातीत बसला. मग म्हणाला, "मोटार कवा हाय?"

आमच्याकडे त्या दिवशी हळद होती. सकाळची उन्हं, मांडवावर आंब्याचे डहाळे, बायका जात्याशी हळकुंडं दळत गाणी म्हणत होत्या. आई विधवा, म्हणून ती हळदीच्या जवळपासही नव्हती. मागच्या पडवीत चुलीपाशी पीठ मळत होती. मोटारीची धाप येऊन गेली. मला वाटतं, आईनं त्या दिवशी पहिल्यांदाच हातातलं काम थांबवलं नाही.

मग वेशीकडून गळा काढल्याचा आवाज आला.

ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. मयताच्या घरी भेटायला येणारी बाई वेशीपासूनच रडत येते. त्या रडण्याला ठेका असतो, गेलेल्या माणसाचं नातं त्यात घालून हाक मारलेली असते. लग्नघराच्या दिशेनं ते रडणं येत होतं. जातं थांबलं. गाणं थांबलं. बायकांनी एकमेकींचे दंड धरले. मी मांडवाबाहेर धावलो. समोरून मामी येत होती, पदर तोंडावर ओढलेला, मान खाली, छाती बडवत, "माज्या वन्सं गं, मला न सांगता गेलात गं." आणि तिच्यामागे काठीवर, निम्म्या अंगाचा झालेला मामा.

मामीनं मान वर केली नव्हती, पण मामानं मांडव पाहिला. त्या तसल्या अंगात एवढा आवाज कुठून आला कोण जाणे.

"आरं, बहीन जाऊन म्हैना न्हाई झाला माजी," तो माझ्यावर ओरडला, "आन् दारात मांडव घातलास? लाज हाय का तुला? कुनाची हळद लावतोस रं?"

मला त्याचं बोलणं कळतच नव्हतं. आणि तेवढ्यात मागून दुसरा आकांत उठला. आईनं मागच्या चुलीपाशी नुसता आपल्या भावजयीचा गळा ओळखला होता, शब्द तिथवर पोचले नव्हते, आणि भावजय रडत येते आहे म्हणजे भाऊ गेला, एवढाच अर्थ तिला लागला होता. "माजा दादा गेला गं" म्हणत, पिठाच्या हातांनी, हळदीच्या पाटावरून, जिथे त्या दिवशी तिनं पाऊल घालायचं नव्हतं त्या मांडवातून ती सरळ धावत बाहेर आली.

आणि दादा समोर उभा.

दोन्ही रडणी एकदम थांबली. मामीनं तोंडावरचा पदर काढला आणि आईकडे बघून एक पाऊल मागे सरली. आईनं मामाच्या दंडाला हात लावून बघितला, मग गालाला; त्याच्या गालावर पीठ लागलं. "वन्सं?" मामी कुजबुजली. कुणीतरी बाई हसायला लागली आणि दुसरीनं तिला गप्प केलं.

मामानं बंडीच्या खिशातून कार्ड काढलं. मला ते हातात घ्यावंही लागलं नाही. गावासमोर मी मोठ्यानं सांगितलं की ही लग्नाची पत्रिका आहे, मी छापली, आणि मीच अशी छापली. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही. आखितीचं ते वाढलेलं पान तेव्हा मला माहीत नव्हतं, ते बरं. मामीचे तीन आठवडे मात्र तिच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते, आणि ते मजकूर न वाचताही कळत होते. मी तिच्या पाया पडलो. तिनं माझ्या पाठीत एक गुद्दा घातला, चांगला जोरात, आणि मग डोक्यावर हात ठेवला.

आई माझ्याकडे बघतही नव्हती. ती मामाकडेच बघत होती.

"खरं सांग दादा," ती म्हणाली. "ह्यो कागद लग्नाचा हाय म्हनून कळलं असतं, तर आला असतास?"

मांडवात पन्नास माणसं तरी असतील. दुसरा कुणीही म्हणाला असता, आलो असतो की. मामीनं त्याला डोळ्यांनी खुणावलंही. मामानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"न्हाई," तो म्हणाला. "आलो नसतो."

आईनं मान हलवली.

"मंग मी मेले ते बरं झालं," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून त्याला घरात घेऊन गेली.